थोरल्याच्या वाट्याचा सूर

लग्नसराई आली की आमच्या घरात ती आधी ताटांना कळते. नाशिकला औरंगाबाद नाक्याच्या पुढे आमची सोसायटी आहे आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून ओळीने तीन लॉन्स. भर दुपारचा एक मुहूर्त आणि संध्याकाळचा गोरज, असा वैशाखभर दोन वेळचा रतीब. पलीकडे डीजेचा पहिला ठोका पडला की मांडणीवरची स्टीलची ताटं बारीक आवाजात वाजायला लागतात. आबा, म्हणजे आता माझ्याकडे राहणारे माझे वडील, कानातलं यंत्र काढतात, रुमालात गुंडाळतात आणि म्हणतात, ‘‘घ्या. लागलं एकाचं.’’ मी उठून खिडक्या लावून घेते. एवढ्या उकाड्यात खिडक्या लावायच्या म्हणजे शिक्षाच, पण दुसरा इलाज नसतो.

मी शाळेत संगीत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सगळे म्हणतात, आता काय बाई, आराम. आराम कसला. वैशाख लागला की मला थकवा येतो. सकाळी उठतानाच गाल जड वाटतात, ओठांभोवती दुखतं, कानांच्या मागे ठणकतं. दातांच्या डॉक्टरांनी दात ठीक असल्याचं सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या, त्या मी इमानाने घेते. हा थकवा आजचा नाही हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. तो तीस वर्षांपूर्वीच्या एका सराईचा आहे. दर वर्षी ह्या दिवसांत तो हक्काच्या पाहुण्यासारखा येतो, महिना-दीड महिना राहतो आणि आपला आपण जातो.

आम्ही मूळचे चांदवडचे. घरात तीन पिढ्यांची सनई. सनईच्या ताफ्यात सनया दोन असतात हे आता पुष्कळांना माहीत नसतं. एक सनई चाल वाजवते. दुसरी नुसता एक सूर धरून बसते. सुरुवातीपासून शेवटापर्यंत तोच, मध्ये न तुटता. तिची भोकं मेणाने बुजवलेली असतात, म्हणजे वाजवणाऱ्याच्या मनात आलं तरी दुसरा सूर निघू नये. चाल वाजवणाऱ्याला नारळ मिळतो, त्याचं नाव होतं. सूर धरणारा फोटोत अर्धा येतो. बाकीच्या ताफ्यांत शिकाऊ माणसाला सुरावर बसवतात. आमच्या घरात मात्र नियम होता की थोरल्याने सूर धरायचा आणि धाकट्याने वाजवायचं. आजोबा म्हणायचे, घर थोरला धरतो, मग सूर दुसऱ्या कुणाच्या हाती कसा द्यायचा? ऐकायला हे फार छान वाटतं. प्रत्यक्षात माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, जन्मभर एका सुरावर बसले. आबा धाकटे म्हणून पहिल्या दिवसापासून चाली वाजवत राहिले. सूर त्यांनी कधी धरलाच नाही.

चाली सगळ्या घरच्या होत्या आणि त्यांना नावं नव्हती, कामं होती. हळदीची, वरातीची, जेवणाची, पाठवणीची. जेवणाची चाल सावकाश असे, माणसांनी निवांत जेवावं म्हणून. यजमान हात आखडता घेणारा निघाला तर आबा तीच चाल जरा जलद लावायचे, की पंगती भराभर उठाव्यात आणि बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडावा. पाठवणीची चाल आजोबांनी बांधलेली. ती घरात वाजवायची नाही असा दंडक होता, घरात लेक असताना तर नाहीच. त्यामुळे मला ती इतरांच्या दारातच ऐकायला मिळाली.

मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षीची गोष्ट. शेवटचा पेपर देऊन घरी आले तर भाऊ ओट्यावर आडवे. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी फुंकणं कायमचं बंद सांगितलं होतं. इकडे सराईच्या सुपाऱ्या घेऊन झालेल्या. आमच्यात घेतलेली सुपारी परत करत नाहीत. लोकांनी त्या भरवशावर सगळं ठरवलेलं असतं. भर सराईत सूर धरणारा दुसरा माणूस मिळणं शक्य नव्हतं. चार दिवस आबा कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी भाऊंनीच मला जवळ बोलावलं.

‘‘मंगल, घरच्या लेकरांत तू थोरली हायेस ना?’’

‘‘हो, पण मी मुलगी...’’

‘‘नियम पोराचा नाय, थोरल्याचा हाय,’’ भाऊ म्हणाले आणि खोकत कुशीवर वळले.

माझा पाठचा भाऊ तेव्हा लहान होता. पुढेही त्याच्या हातात सनई आली नाही, तो आता अंबडच्या कारखान्यात चांगला सुपरवायझर आहे. तेव्हा सूर माझ्या वाट्याला आला. आबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भाऊंनी पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून दिला आणि तांब्याभर पाणी. देठातून पाण्यात फुंकत राहायचं, बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. गालांत वारा साठवायचा आणि तो सोडता सोडता नाकाने नवा श्वास घ्यायचा. पहिले दोन दिवस नाकातोंडात पाणी जाऊन मी रडकुंडीला आले. तीन आठवड्यांनी बुडबुडे थांबेनासे झाले. देठाचा कडवट चीक ओठांना लागून ते फुटले होते, त्यांवर आईने तूप चोळलं आणि मी सराईला निघाले.

त्या दिवसांचं आता काय आठवतं म्हणाल, तर घटना थोड्या आणि अंगाला लागलेल्या गोष्टी फार. टेम्पोचा तापलेला पत्रा. चांदवडच्या बाजूच्या गावांत मांडवाशेजारीच रचलेले उन्हाळ कांद्याचे ढीग, त्यांचा वास आत ओढत धरलेला सूर. वणीच्या अंगाला मोकळ्यावर मांडव होता. मातीसकट वारा तोंडावर यायचा, पण तोंड फिरवता येत नव्हतं. इगतपुरीला रेल्वेच्या कॉलनीत लग्न होतं. गाडी जायला लागली की आबांची चाल त्या खडखडाटात बुडायची. मग ते थांबायचे, गाडी जाऊ द्यायचे. मी थांबायचं नाही. गाडी गेल्यावर त्यांना परत यायला जागा हवी ना? ती जागा म्हणजे मी.

वाजंत्र्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी. भाजीचा तळ आणि गार पडलेल्या पुऱ्या. माझे ओठ इतके बधिर झालेले असायचे की आमटी हनुवटीवरून ओघळली तरी कळत नसे. आमच्यात चौघडा वाजवायला रमजानचाचा होते, आबांच्या वयाचे. ते खिशातून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या ताटात ठेवायचे. ‘‘तोंडात धर, बेटी. जीभ ओली राहील,’’ म्हणायचे. आबा शेजारीच जेवत असायचे, खाली मान घालून.

वणीच्या त्या लग्नात नवरीची कोणी म्हातारी आत्या आमच्यासमोर येऊन उभी राहिली. सूर थांबलेला होता, मी पाणी पीत होते. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आबांना विचारलं, ‘‘पोरगी वाजिवती का हो तुमची?’’

‘‘वाजिवत नाय,’’ आबा म्हणाले. ‘‘नुसता सूर धरती.’’

ह्यात खोटं काहीच नव्हतं. तरी मला ते लागलं, आणि इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, अजून लागतं. सगळी सराई मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. एकदाही त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. भाऊ असताना ते दर थोड्या वेळाने डावीकडे बघायचे, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. माझ्या वेळी ते समोर बघायचे, मांडवाच्या कनातीकडे. वयात आलेली लेक चारचौघांत गाल फुगवून बसलेली, लोक तिच्याकडे टकमक बघतायत, ह्याची त्यांना लाज वाटते असं मी धरून चालले. तेव्हा तसं वाटलं ते वाटलंच. भाऊ त्या दिवाळीआधी गेले. मग माझं कॉलेज, नोकरी, लग्न, नाशिक. आबांनी पुढे सूर द्यायला एक पेटी घेतली, विजेवर चालणारी. त्या सराईबद्दल आमच्या घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

ह्या वर्षी तो विषय निघाला तो ऋचामुळे. ऋचा माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिचा स्वतःचा नृत्याचा वर्ग आहे. तिच्या वर्गाचा कार्यक्रम आषाढात. ती घरी आली, आबांच्या पाया पडली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, तुमच्या घराण्याच्या चालींवरून काहीतरी नवीन बांधा ना. पंधरा मिनिटांचं. मी त्यावर मुली बसवते.’’

आबांना घराणं शब्दाचं हसू आलं. ‘‘आपलं कसलं घराणं, बाई? आपण मांडवातले.’’

मी मात्र हो म्हटलं. का म्हटलं, ह्याची दोन कारणं आहेत. चाली कुठे लिहिलेल्या नाहीत. आबा गेले की त्यांच्याबरोबर जातील, आणि आबा आता ऐंशीला टेकलेत. हे कारण मी सगळ्यांना सांगते. दुसरं कारण स्वतःलाही नीट सांगत नव्हते. ह्या चाली मी एका सराईपुरत्या का होईना, अंगावर धरल्या आहेत. त्यांत माझाही वाटा आहे, असं मला आबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी असली हौस बरी दिसत नाही, पण होती.

समोरचे दात गेल्यापासून आबांची सनई सुटली. सनईच्या तोंडाची पत्ती, जी ओठांत धरून फुंकायची, ती कवळीवर बसत नाही. म्हणून ते चाली तोंडाने गुणगुणून दाखवतात आणि मी फोनवर घेते. त्यांना चाल आठवायला प्रसंग लागतो. जेवणाच्या चालीत मध्येच अडकले की मला विचारतात, ‘‘जिलबी वाढून झाली का?’’ मी झाली म्हणते, की पुढचं निघतं. पाठवणीच्या चालीला त्यांनी आठ दिवस लावले. घरात ती म्हणायची नाही हा दंडक त्यांच्या अजून अंगात. ‘‘मी कधीच सासरी गेलेय, आबा,’’ असं मी म्हटल्यावर त्यांनी खाली जिन्यात उभं राहून ती म्हटली. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू दूध आणायला निघाल्या होत्या, त्या पायरीवर थांबल्या आणि संपेपर्यंत हलल्या नाहीत.

मग माझं काम सुरू झालं. हळदीच्या चालीची दोन वळणं घेतली, जेवणाच्या चालीचा ठेका मोडून पाठवणीच्या अंगाने नवी चाल बांधली, मधला तुकडा पूर्ण माझा. संगणकात सनईचे आवाज तयार मिळतात, आबांच्या सनईपेक्षाही गुळगुळीत. खाली यंत्राचा सूर सोडून दिला. ऐकलं. चांगलं होतं आणि मेलेलं होतं. पुन्हा बांधलं. पुन्हा तेच. नऊ-दहा वेळा सगळं मोडून केलं. पाठ भरून यायची, डोळे चुरचुरायचे, मागे लॉनवर कुणाची तरी वरात दणदणत असायची आणि मला वाटायचं, कशाला हा खटाटोप? कुणाला हव्या आहेत ह्या चाली? नाचणाऱ्या मुलींना ठेका पुरतो. ऋचाला दोनदा फोन करून नाही सांगायचं ठरवलं आणि दोनदा फोन खाली ठेवला.

शेवटी एका दुपारी आबांना ऐकवलं. ते डोळे मिटून पंधरा मिनिटं ऐकत बसले.

‘‘चांगलं हाय,’’ ते म्हणाले.

आबांच्या भाषेत चांगलं हाय म्हणजे संपलं. आवडलं असतं तर त्यांनी चूक काढली असती.

‘‘काय कमी आहे ते तरी सांगा.’’

‘‘सूर कोनी धरलाय?’’

‘‘मशीन आहे.’’

‘‘हां.’’ त्यांनी बराच वेळ कवळीवरून जीभ फिरवली. ‘‘ह्याच्यात कोनी दमत नाय, मंगल. चाल मधी खाली येती ना, ती उगं येत नाय. भाऊचा गाल ढिला पडाया लागला की मला दिसायचं. मग मी चाल खाली आनून ठिवायचो, रमजानला म्हनायचो तू घे. तेवढ्यात भाऊ सूर हलका करून दम खायचा. बापानं चाली बांधल्या त्याच तशा. थोरल्याचा गाल बघून.’’

मी आतून पेटले होते. म्हणजे चालीतली प्रत्येक विश्रांती दुसऱ्याच्या गालावरून ठरलेली होती. म्हणजे ते डावीकडे बघणं हेच वाजवणं होतं. आणि माझ्या सराईत ते बघत नव्हते, म्हणजे त्या सगळ्या विश्रांत्या त्यांनी गाळल्या. मला आठवतं, तेव्हा चाली खाली येतच नसत. वरच्या वर, एकातून दुसरीत. मला वाटायचं, त्यांना माझ्याबरोबर लवकर उरकायचंय.

दोन दिवसांनी त्यांनीच ट्रंक उघडली. भाऊंची सनई तळाशी धोतराच्या फडक्यात होती. भोकांतलं मेण वाळून तडकलेलं. मी गॅसवर वाटीत मेणबत्ती वितळवली आणि एकेक भोक पुन्हा बुजवलं. आबांनी डबीतून पत्ती काढून तोंडात भिजत घातली.

‘‘कवळीचं काय?’’ मी विचारलं.

‘‘काढतो. चालीला दात लागत्यात. सुराला हिरड्या पुरत्यात का ते बघू.’’

दुपारी तीन ते पाच लॉन्स झोपलेले असतात. तेवढ्या वेळात बसायचं ठरलं. खिडक्या बंद, पंखा बंद, मधे चटईवर फोन. मी माझी बाजाची पेटी घेतली आणि आबा माझ्या डाव्या हाताला बसले, कारण उजवीकडे कपाट होतं. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. मग घोगरा, फाटका आवाज. मग एकदम सूर लागला. जाडसर, जरा थरथरता, पण लागला. ऐंशीला टेकलेल्या माणसाने जन्मात पहिल्यांदा सूर धरला होता. मी नवी चाल सुरू केली आणि त्यांच्या गालांकडे बघत राहिले. मिनिट-दीड मिनिटाने गालाची कातडी सैल पडायला लागली. मी चाल खाली आणून ठेवली. त्यांनी दम खाल्ला, नाकपुड्या फुलल्या, सूर पुन्हा भरला. मी पुन्हा वर गेले. अशा थांबत थांबत गेलेल्या त्या चालीत मला जे नऊ-दहा वेळा सापडलं नव्हतं ते होतं. कुठे थांबायचं ते मला आता ठरवावं लागत नव्हतं.

संपलं तेव्हा त्यांच्या बनियनला घामाच्या धारा होत्या. मी पंखा लावला, पाणी दिलं. त्यांनी हनुवटी पुसली, आणि तरी लाळेचा एक थेंब तिथे राहिलाच. त्यांना कळलं नाही. मी पदराने पुसला.

‘‘मंगल,’’ ते म्हणाले. दात नसल्याने आवाज परका वाटत होता. ‘‘त्या सराईला तू दमायचीस का गं?’’

ह्या प्रश्नाची मी इतकी उत्तरं मनात रचली होती. चिडून, रडून, टोमणा मारून.

‘‘हो आबा. रोज दमायचे.’’

‘‘ठाऊक व्हतं मला.’’ ते पंख्याकडे बघत होते. ‘‘म्हनून तर बघत नव्हतो. बघितलं असतं तर थांबाया लागलं असतं. सतरा वर्साची पोर, घडीघडीला थांबाया लागलं असतं. मग लोक म्हनले असते, पोरीला आनलं आन् लगीन नासवलं. तुला कोनी नाव ठिवायला नको व्हतं.’’

बोलायला गेले असते तर रडले असते, आणि रडले असते तर त्यांना वाटलं असतं की मी अजून रागावलेय. मी रागावलेली नव्हते. मी फक्त फार दमले होते, आणि ते आता दोघांना माहीत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी पत्ती पुन्हा तोंडात धरली, ओली केली, सनईवर बसवली.

‘‘चल, परत एकदा घे,’’ ते म्हणाले. ‘‘आन् आता माझ्याकडं बघू नको. शेवटापत्तुर वाजीव.’’

त्यांनी डोळे मिटले आणि सूर धरला. मी पंखा बंद करून पेटीपाशी बसले, आणि त्यांच्या गालांवरची नजर न काढता वाजवायला लागले.